खिशातले बिल्ले

गावाचं नाव पोर्वेनीर. आमच्या भाषेत, येणारा काळ.
येणारा काळ मागे टाकून ट्रकनं तीन तास गेलं
की पत्र्याची लांब शेड लागते.
तिथली झाडंसुद्धा वाऱ्याला पाठ करून वाढतात.

एक मेंढी भादरली की मुकादम
तळहातावर पत्र्याचा एक बिल्ला ठेवतो.
बिल्ला खिशात. पुढची मेंढी.
संध्याकाळी खिसा म्हणजेच माणूस.

शेजारच्या फळीवर एलिएसेर, माझा मावसभाऊ,
नऊ वर्षांनी धाकटा.
चिलोएहून आलो तेव्हा बोटीत ओकत होता,
डोकं माझ्या मांडीवर.
पुढे दुपारच्या जेवणाआधीच त्याचा खिसा
चर्चच्या दानपेटीसारखा वाजायला लागला.

मी सात हंगाम जमीन झाडली.
पोटाखालची मळकी लोकर वेगळी, पाठीची वेगळी.
मग चार हंगाम टेबलापाशी,
अख्खी लोकर हवेत उडवून पसरायची,
गोधडी वाळत घालावी तशी.
मग दोन हंगाम पात्यांना धार.
यंत्र हातात आलं तेव्हा पस्तिशी आली होती.
एलिएसेर म्हणाला, "अगं नेलिदा, आता?"
त्या 'आता'ला कुसळं होती.

पहिला हंगाम मी कानांनीच कामाला होते.
एलिएसेरचं खुळखुळ, मान्सिल्याचं खुळखुळ,
दारापाशी उभ्या त्या मिसरूड न फुटलेल्या पोराचंही.
हात माझे, वेग त्यांचा.
एका मेंढीच्या मांडीत पातं खोल गेलं.
ती ओरडली नाही. मेंढ्या ओरडत नाहीत.
सुईदोरा मागून घेतला, चार टाके घातले,
तेवढ्यात सगळ्यांचे दोन-दोन बिल्ले वाढले.

त्या रात्री बराकीत, त्याच सुईनं,
खिशाला आतून जुन्या मोज्याचं अस्तर लावलं.
दुसऱ्या दिवसापासून माझे बिल्ले मुके.

यात शहाणपण नव्हतं, निदान तेव्हा.
माझं मला ऐकू येईना, एवढंच.
त्यांचं येतच राहिलं, पण वारा येतो तसं.

मग मेंढी ऐकू यायला लागली.
गुडघ्यांत धरली की आधी काळीज धडधडतं तिचं,
पातं मानेशी पोचेतो श्वास लांबतो.
तिथं थांबायचं असतं, एक श्वासभर.
हे कुणी शिकवलं नाही.
शिकवणाऱ्यांना वेळ नव्हता.

असूया गेली असं म्हणणार नाही.
एलिएसेरनं यंदा लाल ट्रक घेतला, स्वतःची टोळी बांधली.
मी त्याच्याच टोळीत, पगारही त्याच्याच हातून.
कुणी नसताना ट्रकच्या काचेवरून बोट फिरवून पाहिलं.
धूळ निघाली.
आई फोनवर म्हणते, "त्याचं बघ जरा."
बघते. त्याचं मनगट सुजलंय,
रात्री गरम पाण्यात मीठ टाकून देते.
यात माझी सरशी नाही, कंबर माझीही धरते.

संध्याकाळी टेबलावर खिसे रिकामे करायचे.
माझा मोजा उलटा करावा लागतो,
बिल्ले धाग्यांत अडकतात, रांग खोळंबते,
मागे कुणीतरी खाकरतं.
"मान्सिल्या, दोनशे तीन. नेलिदा, शहाण्णव."
मुकादम वहीवरून मान वर करतो, "एवढेच?"
"एवढेच."

बाहेर भादरलेल्या मेंढ्या
पांढऱ्याफट्ट, अवघडलेल्या, वाऱ्यात उभ्या.
त्यांतल्या माझ्या कुठल्या, मलाही सांगता येत नाही.
एक सोडून.
तिच्या मांडीवर चार टाक्यांची रेघ आहे,
लोकर उतरली की वर्षातून एकदा दिसते.
तिच्या कानातल्या बिल्ल्याचा आकडा मला पाठ आहे.
आपसूक नाही आली ती माझ्या हाती,
वाड्यात शिरून मीच हुडकून आणली.
तीन मेंढ्यांचा वेळ गेला त्यात.